शब्दचर्चा : 'बोर्डो मिश्रण', मुरलेली वाईन आणि तुरटपणाचा प्रश्न

रावेरचा अनुवादक :

हॉटेल-व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका संस्थेसाठी मी सध्या वाईन-परीक्षणाच्या टिपणाचा मराठी अनुवाद करत आहे. टिपण फ्रान्समधील बोर्दोच्या मेदोक भागातल्या, २००५ सालच्या एका लाल वाईनविषयी आहे. तिच्यात द्राक्षांच्या जातींपैकी कॅबर्ने सोव्हिन्यों अधिक, मर्लो त्याखालोखाल आणि कॅबर्ने फ्राँ नावापुरती आहे. काम देण्यापूर्वी संस्थेने मला तिचे दोन घोट चाखायला दिले, त्यामुळे आपण कशाविषयी लिहीत आहोत एवढे तरी मला ठाऊक आहे.

पहिली फजिती शीर्षकातच झाली. 'बोर्दो ब्लेंड'चे मी सरळ 'बोर्डो मिश्रण' केले आणि खर्डा वडिलांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून शीर्षक वाचले आणि विचारले, "एक टक्क्याचे की अर्ध्या?" बागायतदाराच्या लेखी बोर्डो म्हणजे फवारणीचे औषध, शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, त्यात चाखण्यासारखे काही नसते. ते मी तूर्त 'बोर्दो धाटणीची वाईन' असे बदलले आहे.

खरी अडचण पुढच्या वाक्यात आहे. मूळ वाक्याचा आशय असा, की वयामुळे या वाईनमधील टॅनिन, म्हणजे तिला तुरटपणा देणारा घटक, निवले आहे, ते पूर्वीसारखे हिरड्यांना धरत नाही, तरीही वाईनला उभी ठेवण्याइतके ते अजून शिल्लक आहे. मी लिहिले, 'वाईन मुरली आहे. तिचा तुरटपणा आता हिरड्या आवळत नाही, पण हरवलेलाही नाही.' संस्थेच्या तपासनिसांनी ते खोडून 'वृद्ध मद्यातील कषायता मृदू झालेली आहे' असे केले आणि समासात शेरा मारला की 'तुरट' हा शब्द ग्राम्य आहे आणि 'मुरणे' हे लोणच्याचे असते. माझा प्रश्न एवढाच आहे, की टॅनिन निवल्याची ही अवस्था मराठीत कशी सांगावी?

मास्तर, अमळनेर :

'वृद्ध मद्य' म्हणायचे असेल तर त्याला एक काठी आणि निवृत्तिवेतनही द्यावे लागेल. त्यापेक्षाही 'तुरट' ग्राम्य आणि 'कषाय' सभ्य ही विभागणी पाहून मला अधिक वाईट वाटले. अमरकोशात 'तुवरस्तु कषायोऽस्त्री' असे स्पष्ट म्हटले आहे, म्हणजे तुवर आणि कषाय ही एकाच रसाची दोन नावे आहेत. त्यांपैकी 'तुवर' घरोघरी फिरून 'तुरट' झाला आणि 'कषाय' पोथीत बसून राहिला. दोघे सख्खे भाऊ असताना एकाला ओसरीवर आणि दुसऱ्याला दिवाणखान्यात बसवण्याचे कारण मला दिसत नाही.

'मुरणे' या शब्दाविषयी मात्र माझाही आक्षेप आहे, आणि तो लोणच्यामुळे नाही. मुरण्याला दोन पदार्थ लागतात. पाणी जमिनीत मुरते, मीठ कैरीत मुरते, ताप अंगात मुरतो. बूच मारलेल्या बाटलीत कोण कोणात मुरते, हे अनुवादकांनी सांगावे. कर्ता आणि अधिकरण यांचा पत्ता नसलेले क्रियापद मी तरी विद्यार्थ्याच्या वहीत राहू दिले नसते.

केळीवाला, यावल :

मास्तर, मग 'मुरलेला पुढारी' आपण वहीतून खोडणार काय? तो कशात मुरलेला असतो हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी विचारत नाही.

या प्रश्नासाठी आपल्या भागात पोथी उघडण्याची गरज नाही. ज्याने लहानपणी पैजेवर कच्चे केळे खाल्ले आहे त्याला टॅनिन ठाऊक आहे. जीभ खरखरीत होते, गाल आतून ओढल्यासारखे होतात, आणि तोच चीक सदऱ्यावर पडला तर सदरा फाटेपर्यंत डाग जात नाही. आमच्या घरच्या बोलीत याला 'तोंड आवयतं' असे म्हणतात. केळे पिकते तेव्हा हे टॅनिन कोठे उडून जात नाही. त्याचे लहान रेणू एकमेकांना जुळून मोठे आणि न विरघळणारे होतात, त्यामुळे लाळेला धरून ठेवण्याची त्यांची ताकद संपते. वाईनमध्येही थोड्याफार फरकाने हेच घडत असेल, तर 'पिकलेली वाईन' म्हणण्यात काय अडचण आहे?

नाशकात नोकरीला, मूळ पारोळा :

अडचण आहे, आणि ती रोजच्या कामातली आहे. मी गेली काही वर्षे पाहुण्यांना वाईन ओतून देण्याचे आणि तिच्याविषयी चार वाक्ये सांगण्याचे काम करतो. 'पिकलेली' म्हटले की ऐकणाऱ्याला पिकलेल्या द्राक्षांची वाईन असे वाटते, आणि द्राक्ष किती पिकले होते हा परीक्षणातला स्वतंत्र मुद्दा आहे. कॅबर्ने नीट पिकली नाही तर वाईनला ढोबळी मिरची चिरल्यासारखा हिरवा वास येतो, आणि तो वीस वर्षे ठेवूनही पुरता जात नाही. म्हणजे न पिकलेल्या द्राक्षांची, पण पिकलेली वाईन असे म्हणण्याची वेळ येईल.

मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की बाटलीत दोन पदार्थ आहेत. द्राक्षाच्या सालीतून आलेले टॅनिन आणि त्याच सालीतून आलेला रंग हे वर्षानुवर्षे एकमेकांत गुंततात, आणि बुचातून अगदी सूक्ष्म प्रमाणात शिरणारी हवा त्यांना त्या कामी मदत करते. गुंतून जड झालेला भाग तळाशी बसतो. म्हणूनच जुन्या बाटलीत गाळ सापडतो, वाईनचा रंग उतरतो आणि चवीतली आवळणारी धार कमी होते. या तीन वेगळ्या गोष्टी नसून एकाच घडामोडीच्या तीन खुणा आहेत. म्हणून 'मुरणे' मला चुकीचे वाटत नाही.

मी स्वतः चार शब्द वापरतो. नवी असते ती 'कच्ची', नुसते वय झालेली ती 'जुनी', वय मानवलेली ती 'मुरलेली' आणि दिवस भरून गेलेली ती 'उतरलेली'. बहुतेक वाईन कच्ची असतानाच प्यायची असते. ठेवली तर ती थेट उतरते, मध्ये मुरण्याचा मुक्काम येतच नाही. हा फरक 'वृद्ध' या एका शब्दात मावत नाही.

भुसावळ जंक्शन :

'उतरलेली' हा शब्द आंब्याला शोभतो हे मान्य. परंतु 'वाईन उतरली आहे' हे वाक्य आमच्या स्टेशनाबाहेर कोणी ऐकले तर ते पिणाऱ्याविषयी आहे असे समजून तो निश्चिंत होईल.

अनुवादक महाशयांना एक विनंती आहे. त्या टिपणात ही वाईन 'खोलीच्या तापमानाला द्यावी' असे वाक्य असेल, तर ते शब्दशः आणू नये. ज्या खोलीवरून फ्रेंचांनी ही पद्धत पाडली ती दगडी घरातली, चूल विझलेली खोली असावी, कारण त्यांना अपेक्षित असते ते सोळा ते अठरा अंश. मे महिन्यात भुसावळला खोलीचे तापमान म्हणजे काय, हे संस्थेच्या तपासनिसांनी एकदा येऊन अनुभवावे. त्या तापमानाला कोणतीही वाईन दिली तर केवळ स्पिरिटचा भपका नाकात जाईल आणि मुरली की उतरली हा वादच उरणार नाही.

वैद्यताई, धुळे :

मास्तरांचा अमरकोश मला मान्य आहे, परंतु कोशात पर्याय असलेले शब्द वापरात पर्याय राहतीलच असे नाही. याचे उत्तम उदाहरण याच सहा रसांत आहे. आयुर्वेदात 'कटु' म्हणजे मिरे-सुंठीचा रस आणि 'तिक्त' म्हणजे कडुनिंबाचा रस. मराठीत 'कटु'पासून 'कडू' आला आणि तो निंबाकडे गेला. विद्यार्थी दरवर्षी येथे चुकतात. उद्या वाईनच्या टिपणात कोणी 'कटु' लिहिले, तर वाचणाऱ्याने ठसका अपेक्षावा की कडवटपणा?

'कषाय' या शब्दाची बाजू मी दोन कारणांसाठी घेते. एक, आयुर्वेदाने कषाय रसाचे वर्णन केवळ चव म्हणून केलेले नाही. तो जिभेला जडत्व आणतो आणि कंठ आवळतो असे सांगितले आहे. तुमच्या टिपणात हिरड्या धरण्याचा जो उल्लेख आहे तो याच स्वरूपाचा आहे, म्हणजे चवीपेक्षा स्पर्शाचा. दुसरे, 'कषाय' हा रंगही आहे. भगव्या वस्त्राला काषाय म्हणतात, कारण ते सालींच्या काढ्यात रंगवले जाई. जुन्या लाल वाईनचा पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कडेला जांभळ्याऐवजी विटकरी छटा दिसते असे म्हणतात. तिला एकाच शब्दात चव आणि रंग दोन्ही मिळतात.

केळीवाला, यावल :

ताई, आपण म्हणता त्या घसा आवळण्याला मराठीत 'तोठरा बसणे' असा शब्द आहे. सुपारी चघळताना बसतो, कोरडा लाडू खाताना बसतो. 'या वाईनचा तोठरा बसत नाही' असे लिहिले तर तपासनिसांनाही समजेल.

वैद्यताई, धुळे :

तोठरा घशाला बसतो आणि तुरटपणा जिभेवर व हिरड्यांवर जाणवतो. आपण दोन्ही एक करत आहात. शिवाय लाडवाचा तोठरा कोरडेपणाचा असतो, त्यात टॅनिनचा काही संबंध नाही.

नाशकात नोकरीला, मूळ पारोळा :

'कोरडेपणा' हा शब्द आलाच आहे तर त्याविषयीही लिहितो, कारण माझ्या मते तपासनिसांनी पुढे 'कोरडे मद्य' असेही लिहिले असणार. इंग्रजीत ज्या वाईनमध्ये साखर जवळजवळ उरलेली नसते तिला ड्राय म्हणतात. त्याचे 'कोरडी' केले की मराठी माणूस दोन ठिकाणी जातो. एक तर त्याला सरकारी ड्राय डे आठवतो, नाहीतर तोंडाला पडणारी कोरड आठवते. ती कोरड तर टॅनिनची असते, साखर नसल्याची नव्हे. त्यामुळे 'कोरडी' हा शब्द ज्यासाठी आणला त्याला लागू पडत नाही आणि ज्याला लागू पडतो त्यासाठी कोणी वापरत नाही. मी पाहुण्यांना 'बिनगोडाची' असे सांगतो. शब्द हसण्याजोगा आहे, पण त्यावर आजवर कोणी दुसरा प्रश्न विचारलेला नाही.

रावेरचा अनुवादक :

'कोरडे मद्य' आहेच, आणि त्याखाली 'काळ्या मनुक्याचा सुगंध' असेही आहे. सर्वांचे आभार, परंतु माझ्या मूळ वाक्यातील निवलेल्या टॅनिनचे काय करावे हे अद्याप ठरलेले नाही.

भुसावळ जंक्शन :

काळा मनुका ही तर निव्वळ चूक आहे, शैलीचा प्रश्न नाही. इंग्रजीत करंट हे नाव मुळात ग्रीसमधील कोरिंथवरून वाळवलेल्या बारीक द्राक्षांना पडले आणि नंतर एका अगदी वेगळ्या झुडपाच्या आंबट-गोड फळालाही चिकटले. कॅबर्नेमध्ये ज्याचा वास सांगतात ते हे दुसरे काळे फळ आहे. फ्रेंच त्याला कासिस म्हणतात. मनुक्याचा वास येणे ही वेगळीच गोष्ट असून, द्राक्षे उन्हात फार तापली किंवा वेलीवरच सुकू लागली याची ती खूण असते. म्हणजे तपासनिसांच्या एका शब्दाने मेदोकची थंड हवा पार आपल्या वैशाखापर्यंत आणून सोडली.

हे फळ आपल्याकडे होत नाही. त्याऐवजी 'करवंद' किंवा 'जांभूळ' लिहावे असे मी सुचवतो.

मास्तर, अमळनेर :

हा अनुवाद नव्हे, ही अदलाबदल आहे. लेखकाने पाहिलेले फळ अनुवादकाला आवडले नाही म्हणून त्याने आपल्या शिवारातले फळ ठेवणे म्हणजे मूळ लेखकाच्या तोंडात आपली जीभ घालणे होय. 'ब्लॅककरंट' असे देवनागरीत लिहावे आणि वाचकाने ते शिकून घ्यावे. परकीय वस्तूला परकीय नाव असण्यात कोणताही कमीपणा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षाच्या, रसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि त्याचे प्रकार कापिशायन व हारहूरक असे त्या त्या प्रदेशाच्या नावाने दिले आहेत. बोर्दोला बोर्दो म्हणण्याचीच ती रीत आहे.

केळीवाला, यावल :

म्हणजे 'तुरट'साठी आपण घरच्या शब्दाची बाजू घेतली, आणि फळाच्या बाबतीत परक्याची. हे धोरण आम्हांला कळावे.

मास्तर, अमळनेर :

धोरण सोपे आहे. तुरटपणा आपल्याकडे आहे, ते फळ नाही.

शहाद्याहून :

मी या चर्चेत उशिरा येत आहे. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला मोहाच्या दारूचे कौतुक 'पहिल्या धारेची' या शब्दांत करतात, आणि ते विशेषण लोक हल्ली कोणत्याही उत्तम वस्तूला लावतात. वाईनला ते लावू नये, एवढे सांगण्यासाठी लिहितो, कारण धार ऊर्ध्वपातनाला असते आणि वाईन नुसती आंबवलेली असते.

दुसरी गोष्ट वासांची. एका नातेवाइकाकडे अशीच जुनी बोर्दो प्यायचा योग आला होता. यजमान 'लेदर, लेदर' असे म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे बुटांचे दुकान येत होते. नंतर अचानक लक्षात आले, की हा वास मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. आजोबांच्या विहिरीवर चामड्याची मोट होती. दिवसभर पाणी ओढून संध्याकाळी ती काठावर टाकलेली असे, आणि अर्धवट सुकताना तिला जो ओला, किंचित गोडसर, मातीत मिसळलेला वास येई, तोच त्या पेल्यात होता. त्याच्या खाली तंबाखूच्या चंचीचा वास होता आणि त्याखाली, अगदी पुसट, पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजून झाल्यावर राखेजवळ रेंगाळतो तसा धूर होता. यजमानांच्या मते तो ओकच्या पिंपाचा होता, कारण ही पिंपे आतून विस्तवावर शेकलेली असतात. मी 'मोट' म्हणालो तेव्हा टेबलावरचे तरुण माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी मोट पाहिलेली नव्हती.

वैद्यताई, धुळे :

आबा, हा योगायोग नाही. टॅनिन हे नावच कातडे कमावण्याच्या क्रियेवरून आले आहे. आपल्याकडे बाभळीच्या सालीने कातडे कमावत, ते तिच्यातील टॅनिनमुळे. मोटेचे कातडेही कमावलेलेच असे. तुरटपणाने प्रथिने घट्ट बांधली जातात. कातड्यात ती कातड्याची असतात आणि पिताना ती आपल्या लाळेची.

नाशकात नोकरीला, मूळ पारोळा :

आबांची मोट मी उद्यापासून वापरणार आहे, पण टिपणात ती चालेल असे वाटत नाही. कॅलिफोर्नियात या वासांचे एक चक्र १९८०च्या दशकात वाईन-संशोधक अ‍ॅन नोबल यांनी तयार केले, त्यामागची कल्पना अशी होती की प्रत्येक शब्दामागे प्रत्यक्ष हुंगता येईल असा नमुना असावा. साध्या वाईनमध्ये ढोबळी मिरचीचा तुकडा टाकून तो वास दाखवता येतो. मोटेचा नमुना आता कोठून आणावा?

शीर्षकाविषयीही एक सांगायचे राहिले. बोर्दो हे नाव त्या प्रदेशाबाहेर लावता येत नाही, म्हणून अमेरिकेतील वाईनवाल्यांनी १९८८ मध्ये स्पर्धा घेऊन 'मेरिटेज' असा नवा शब्द घडवला. तिकडेही अडचण शब्दाचीच होती. आणि अनुवादकांच्या वडिलांनी केलेली गल्लत तर फार जवळच्या नात्यातली आहे. वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडू नयेत म्हणून मेदोकमधील बागायतदार वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेलींवर केवडा हा बुरशीरोग पडत नाही हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी हेरले आणि १८८५ मध्ये जाहीर केले. वाईन आणि फवारा या दोघांचे माहेर एकच.

केळीवाला, यावल :

मास्तर, एक शंका राहिली. तुवरपासून तुरट झाला असेल, तर तूरही त्याच घरातली का? तुरीच्या सालीला तुरटपणा असतोच.

मास्तर, अमळनेर :

संस्कृतात 'तुवरी' ही तूरही आहे आणि तुरटीसारखी एक मातीही आहे. माझ्या मते तूर, तुरट आणि तुरटी या तिघी एकाच ओट्यावरच्या. वरण उतरवल्यावर तळाशी जी किंचित...

भुसावळ जंक्शन :

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आज प्रथमच शब्दशः खरी होताना पाहत आहे. अनुवादकांना वाक्य हवे आहे, डाळ नको.

रावेरचा अनुवादक :

वाक्य उद्या द्यायचे आहे. आज जेवताना वडिलांना सर्व हकीकत सांगितली आणि ती वाईन कशी लागली हे माझ्या परीने वर्णन केले. घोट घेताना जीभ आवळेल असे वाटते, ती आवळत नाही, पण गिळल्यावर बऱ्याच वेळाने गालांच्या आत कोणीतरी हलकेच हात ठेवून गेल्यासारखे वाटते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे चीक सरला." मी तेच लिहावे म्हणतो. 'वाईन मुरली आहे, तिचा चीक सरला आहे.'

केळीवाला, यावल :

शब्द उत्तम आहे, पण आमच्याकडे चीक 'सरत' नाही, 'जिरतो'. रावेरला सरत असेल तर ते तापीचे पाणी वेगळे असावे.

मास्तर, अमळनेर :

दोन्ही चुकीचे आहेत. जे सरले ते संपले आणि जे जिरले ते दिसेनासे झाले. मूळ वाक्यात तर टॅनिन अजून वाईनला उभी ठेवते असे म्हटले आहे. जिरणे आणि मुरणे यांतला भेद पावसाळ्यात वावरात उभे राहून कोणालाही दाखवता येईल. जिरलेले पाणी जाते. मुरलेले पाणी विहिरीला येते.

केळीवाला, यावल :

म्हणजे आपण आता 'मुरणे' मान्य करत आहात काय?

मास्तर, अमळनेर :

पाण्यापुरते.